अंगणवाडी-बालवाडीत मुलांचं वागणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोज काम करणाऱ्या सेविका, मदतनीस आणि बालवाडीतल्या ताई विचारतात. उत्तरं लिहिताना डोळ्यांपुढे ठेवलेली खोली साधी आहे : पटावर पंचवीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस, जमिनीवर सतरंज्या आणि बाहेर एकच नळ.

मूल मुद्दाम त्रास देतं का?

फार क्वचित. तीन वर्षांच्या मुलाला नियम पाठ असतो, पण हात त्याआधीच पुढे गेलेला असतो. ‘ढकलायचं नाही’ हे ते स्वतःच म्हणून दाखवतं आणि पुढच्याच मिनिटाला ढकलतं. यात लबाडी नाही. स्वतःला आवरायची ताकद हळूहळू येते, आणि सहाव्या वर्षीही ती पुरती आलेली नसते.

मुलाच्या स्वभावाकडे जाण्याआधी चार गोष्टी तपासा. पोटात काय आहे? (चहा-बिस्किटावर नऊला आलेलं मूल अकराला चिडचिड करणारच.) झोप किती झाली? तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. ते किती वेळ नुसतं वाट बघत बसलंय? आणि हातातलं काम त्याला फार सोपं किंवा फार अवघड तर नाही? बालवाडीतला निम्म्याहून जास्त गोंधळ या चारांतच सापडतो, असं आमचं मत आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

घड्याळापासून. हात धुण्याचं उदाहरण घ्या. एका मुलाला साबण लावून, चोळून, धुऊन, पुसायला साधारण ४० सेकंद लागतात. पंचवीस मुलं, एक नळ : १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं. शेवटचं मूल सतरा मिनिटं रांगेत उभं आहे, भुकेलं आहे आणि खिचडीचा वास येतोय. ते पुढच्याचा शर्ट ओढणार नाही तर काय करणार? त्याला ‘खोडकर’ म्हणण्याआधी आपण मोठी माणसं रेशनच्या रांगेत कशी वागतो ते आठवावं.

याला उपाय मुलावर नाही, रांगेवर आहे. तोटीचं पिंप किंवा बादली-मग ठेवून पाण्याची दुसरी जागा करा. पाच-पाच मुलांचे गट करून बोलवा. गटांना चिमणी, पोपट, मोर अशी नावं द्या. मदतनीस पाण्यापाशी थांबेल. बाकीची मुलं सतरंजीवर ताईबरोबर गाणं किंवा बोटांचे खेळ करत राहतील. दोन जागा झाल्याने पूर्ण काम आठ-नऊ मिनिटांत होतं, आणि कुठलंही मूल दोन मिनिटांपेक्षा जास्त ताटकळत नाही. धुतलेली मुलं थेट जेवायला बसली पाहिजेत. धुऊन पुन्हा सतरंजीवर बसवली, तर हातही मळतात आणि मुलंही बिथरतात.

हेच गणित इतर वेळांनाही लावा. गोलात बसून ऐकण्याचं काम तीन-चार वर्षांच्यांसाठी आठ-दहा मिनिटं, पाच-सहा वर्षांच्यांसाठी पंधरा. त्यानंतर अंग हलवणारं काहीतरी हवंच. बैठं, मग हालचालीचं, मग पुन्हा बैठं, असा दिवस विणला की ‘शांत बसा’ म्हणायची पाळी कमी येते.

एक काम संपवून दुसऱ्याकडे जाताना सगळ्यात जास्त दंगा होतो. का?

कारण मुलाला पुढचं दिसत नाही. ‘पाच मिनिटांत आत चला’ यातली पाच मिनिटं त्याच्यासाठी हवा आहे. त्याला मोजता येईल असं सांगा : ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग आत.’ आणि दोन म्हणजे दोनच. तिसऱ्यांदा जाऊ दिलंत की उद्यापासून त्या वाक्याला किंमत उरत नाही.

प्रत्येक बदलाला एकच ठरलेली खूण ठेवा. डफली वाजली की खेळणी टोपल्यांत, घुंगरू वाजले की गोलात. खूण रोज तीच हवी. साधारण दोन-तीन आठवड्यांत मुलं न सांगता हलू लागतात. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. हे तक्ते नेहमी मोठ्यांच्या उंचीवर लावलेले दिसतात. मग ते फक्त तपासणीला आलेल्या मुख्य सेविका वाचतात.

नियम किती असावेत?

तीन. फार तर चार. ‘हात आपल्यापाशी’, ‘खोलीत चालायचं’, ‘खेळून झालं की जागेवर’, ‘एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात’. यांत एकही ‘नाही’ किंवा ‘नको’ नाही, ते जाणूनबुजून. ‘पळू नको’ ऐकल्यावर काय करायचं ते मुलाला स्वतः शोधावं लागतं. ‘चालत ये’ म्हटलं की काम हातात मिळतं. ‘ओरडू नका’च्या जागी ‘हळू आवाजात सांग’, ‘सांडू नको’च्या जागी ‘ग्लास दोन हातांनी धर’.

सांगण्याची पद्धतही बघा. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला दिलेली सूचना कुणाचीच नसते. जवळ जा, त्याच्या उंचीला बसा, नाव घ्या, एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे मोजा. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण लहान मुलाला ऐकलेलं पचवून हालचाल करायला तेवढे लागतात. आपण तिसऱ्या सेकंदाला तीच सूचना मोठ्या आवाजात देतो आणि त्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते.

आणखी एक : जिथे पर्याय नाही तिथे प्रश्न विचारू नका. ‘हात धुवायचे का रे?’ म्हटल्यावर ‘नाही’ हे उत्तर अगदी बरोबर आहे. ‘हात धुवायचेत. या नळावर की त्या पिंपावर?’ असं विचारा.

शाबासकी किती आणि कशी?

‘शहाणं बाळ’, ‘व्हेरी गुड’, ‘टाळ्या’ यांनी मूल खूश होतं, पण नक्की काय चांगलं केलं ते त्याला कळत नाही. जे दिसलं तेच बोला : ‘ओवी, तू ठोकळे मोजून टोपलीत ठेवलेस.’ ‘शौर्य, सायलीचं होईपर्यंत तू थांबलास.’ वाक्य लगेच यायला हवं, तासाभराने नाही. आणि त्याच्या मागे शेपूट लावू नका. ‘आज छान बसलास, रोज असं का नाही बसत?’ ही शाबासकी नव्हे, टोमणा आहे.

‘बघा, आर्या कशी शांत बसलीये!’ हे वाक्य फार वापरलं जातं. ते आर्याच्या कौतुकासाठी कमी आणि बाकी चोवीस जणांना टोचण्यासाठी जास्त असतं. मुलांना ते कळतं. मधल्या सुट्टीत आर्याची वेणी ओढली जाते.

काही मुलांना चारचौघांत केलेलं कौतुक सोसत नाही. ती लाजून तेच काम सोडून देतात. त्यांच्या जवळ जाऊन हलकेच सांगा, किंवा नुसती मान हलवा.

स्टार, स्टिकर, चॉकलेट दिलं तर?

आवडीच्या कामाला तरी देऊ नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बालवाडीतल्याच मुलांवर होता. चित्रं काढायची हौस असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात आधी आमिष दाखवलेली मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. खेळाची मजुरी झाली.

नवी, अवघड सवय लावताना (एका मुलाचं भांड्यावर बसणं, उदाहरणार्थ) थोडे दिवस ठशाची मदत घेतली तर बिघडत नाही. पण भिंतीवर सगळ्यांच्या नावांपुढे स्टार लावण्याचा तक्ता नको. महिनाअखेरीस चार मुलांपुढे काहीच नसतं, आणि घ्यायला आलेली आजी तेच आधी बघते.

मूल चावतं. काय करू?

आधी चावा बसलेल्या मुलाकडे जा. जागा साबण-पाण्याने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि पालकांना त्याच दिवशी सांगा. कोण चावलं हे सांगू नका; संध्याकाळी पाड्यावर किंवा चाळीत त्याचं भांडण होतं.

मग चावणाऱ्याकडे. एकच वाक्य, सपाट आवाजात : ‘चावायचं नाही. दुखतं.’ लांब भाषण नको, आणि त्याला उलटं चावून ‘बघ कसं वाटतं’ हा घरगुती उपाय तर मुळीच नको. त्यातून ते एवढंच शिकतं की मोठी माणसंही चावतात.

खरं काम नंतर सुरू होतं. पाच दिवस एका वहीत चार गोष्टी लिहा : वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. अशी वही साधारण अशी दिसते :

सोमवार ११.१०. रांगेत मागच्याने ढकललं. दंडाला चावला. ताईने उचलून आत मांडीवर घेतलं.
मंगळवार ११.०५. रांग. कुणी काही केलं नाही. खांद्याला चावला. मदतनीसने आत नेऊन बसवलं.
बुधवार ९.४०. लाल गाडी एकच, दोघांनी धरली. हाताला चावला. गाडी मिळाली.
गुरुवार. गैरहजर.
शुक्रवार ११.१५. रांग. चावला. आत नेलं.

चारांतले तीन चावे रांगेत आहेत, आणि तिन्ही वेळा चावल्यावर त्याची रांगेतून सुटका झाली आहे. मंगळवारी तर ढकलाढकलीही नव्हती. रांगेतून सुटायची वाट मात्र त्याला कळली होती. वही नसती तर आपण ‘हा रागीट आहे’ म्हणून मोकळे झालो असतो. आता उपाय समोर आहे : त्याला पहिल्या गटात घ्या, किंवा नॅपकिन वाटायचं काम देऊन रांगेबाहेरच ठेवा. मांडी मात्र चावण्याआधी द्या, सकाळी आल्या आल्या. आणि लाल गाड्या दोन आणा.

दोन-अडीच वर्षांच्या मुलांत दाढा येणं आणि शब्द कमी पडणं ही दोन कारणं जास्त असतात. त्यांना तीन शब्द हाताच्या खुणेसह शिकवा : ‘मला दे’, ‘माझं आहे’, ‘सरक’. हे शब्द भांडणात शिकवता येत नाहीत. बाहुल्या घेऊन शांत वेळी रोज दोन मिनिटं सराव करा.

एकाच खेळण्यावरून दोघं भांडतात तेव्हा?

खेळणं आपल्या हातात घ्या, दोघांच्या मध्ये बसा. ‘कुणी आधी घेतलं?’ हा प्रश्न विचारू नका. तो तपास कधी संपत नाही. जे दिसतंय ते म्हणा : ‘दोघांनाही ढोलकी हवीये.’ मग विचारा, ‘काय करूया?’ चार-पाच वर्षांची मुलं उपाय सांगतात, बऱ्याचदा आपल्यापेक्षा बरा. तीन वर्षांच्यांना दोन पर्याय द्या. पाळी ठरली तर वाळूचं घड्याळ किंवा एक ठरलेलं गाणं मापाला घ्या. गाणं संपलं की ढोलकी दुसऱ्याकडे.

‘सॉरी म्हण’ हा आग्रह सोडा. मूल सॉरी म्हणतं आणि पुन्हा मारतं, कारण त्याच्या लेखी हिशेब चुकता झाला. त्याऐवजी दुरुस्ती करू द्या : पाणी आणून दे, पडलेला मनोरा परत रचायला मदत कर.

जमिनीवर लोळून आकांत करणाऱ्या मुलाला कसं शांत करावं?

त्या क्षणी समजावू नका. त्याला ऐकू येत असलं तरी उमगत नाही. आजूबाजूचं टोकदार सामान आणि मुलं दूर करा, हातभर अंतरावर बसा, कमी बोला. ‘तुला राग आलाय. मी इथे आहे.’ जे मागत होतं ते रडण्यामुळे देऊ नका आणि रडण्याची शिक्षाही देऊ नका. श्वास मंदावला की पाणी, मग हातात ओल्या मातीचा किंवा कणकेचा गोळा. बोलणं अर्ध्या तासाने, दोन वाक्यांत.

खोलीत एक शांत कोपरा ठेवा : चटई, उशी, दोन चित्रांची पुस्तकं. तिथे मूल स्वतः जातं, आपण पाठवायचं नाही. पाठवायला लागलो की तो कोपरा तुरुंग होतो.

कोपऱ्यात उभं करणं, अंधाऱ्या खोलीची भीती, ‘खाऊ मिळणार नाही’, हे थोडंफार चालतं का?

नाही. ‘बागुलबुवा येईल’, ‘इंजेक्शन देईन’, ‘पोलीस नेतील’ हेही नाही. धाकाने मूल गप्प होतं, तेही आपण समोर आहोत तोवर. शिवाय उद्या लसीकरणाला तेच मूल घेऊन जायचं आहे. आहार हा तर मुलाचा हक्क आहे. तो वागण्याशी जोडता येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करतं. तो कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. पण बाल न्याय कायदा, २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू होतो. त्याच्या कलम ७५ नुसार, ज्या संस्थेवर मुलाची काळजी सोपवलेली आहे तिथल्या व्यक्तीने क्रूरता केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आत्मसंयम वाढवणारे खेळ कोणते?

‘शिवाजी म्हणतो’, ‘चिमणी उड, कावळा उड’, ‘स्टॅच्यू’. तिन्हींत एकच कसरत आहे : हात उचलायचा मोह होतो आणि तो धरून ठेवायचा. ‘म्हैस उड’ म्हटल्यावर हात खाली राहिला, तेवढाच व्यायाम झाला. रोज पाच मिनिटं पुरे.

एक बदल मात्र करा : ‘आऊट’ काढून टाका. ज्याला स्वतःला आवरणं सर्वांत अवघड जातं तेच मूल पहिल्या फेरीत बाद होतं आणि ज्याला सरावाची गरजच नाही ते शेवटपर्यंत खेळतं. चुकलेल्याने जागेवर एक गिरकी घ्यायची आणि खेळ पुढे.

जूनमध्ये नवी मुलं दिवसभर रडतात.

पहिल्या आठवड्यात सगळी नवी मुलं एकाच दिवशी घेऊ नका. रोज तीन-चार घ्या. पहिले दोन दिवस आई किंवा आजी खोलीत, तासभर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या ओट्यावर, दहा-पंधरा मिनिटं दिसेनाशा. मग वेळ वाढवा. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप पळ काढायला आईला सांगू नका. त्याने पहिला दिवस निभतो, पण दुसऱ्या दिवसापासून मूल पदर सोडत नाही. ‘खिचडी खाऊन झाली की मी येते’ असं सांगून जायचं आणि खिचडी संपताना खरंच दारात यायचं. घरची ओढणी किंवा ओळखीचं फडकं जवळ ठेवू द्या.

मुलाच्या घरची भाषा वेगळी आहे. ते ऐकतच नाही.

ऐकतं, समजत नाही. वारली, कोरकू, गोंडी, पावरी बोलणारी मुलं आणि वीटभट्टी-ऊसतोडीवर आलेली मुलं पहिले काही महिने गप्प राहू शकतात. तो काळ कान तयार होण्याचा आहे. पाणी, भूक, शी-शू, दुखतं, ये, थांब, आई येणार, असे दहा शब्द त्यांच्या भाषेत पालकांकडून लिहून घ्या आणि तेच वापरा. मदतनीस बहुधा गावातलीच असते, या बाबतीत तीच तुमची गुरू.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मूल येत नाही तर मांडणी बदला, हा विचार ‘अंगणवाडी’ या शब्दातच आहे.

पालक म्हणतात, ‘ताई, दोन द्या त्याला, घरी तसंच ऐकतो.’

वाद घालू नका. ‘इथे आम्ही तसं करत नाही, हे करतो’ म्हणून एक गोष्ट दाखवा, उदाहरणार्थ ‘अजून दोनदा’ची पद्धत, आणि आठवडाभर घरी करून बघायला सांगा. तक्रारीआधी आजची एक चांगली गोष्ट सांगायची सवय ठेवा. मुलासमोर, दारात, इतर आयांच्या देखत तक्रार नको.

शिव्या देतं, खोटं बोलतं?

शिवीवर हसू नका, दचकू नका. ‘हा शब्द इथे नाही. राग आला तर जोरात पाय आपट’ असा पर्याय द्या. चार वर्षांच्या मुलाचं ‘माझ्याकडे हत्ती आहे’ हे खोटं नव्हे. आणि ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे (‘पाणी तू सांडलंस का?’) ते विचारून त्याला खोटं बोलायला लावू नका. फडकं द्या.

कधी पुढे पाठवायचं?

नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, येत असलेले शब्द गेले, इतर मुलांकडे बघतच नाही, स्वतःला सतत इजा करतं : यांपैकी काही दिसलं तर ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तुमची पाच दिवसांची वही त्यांच्यापुढे ठेवा. पुढचा टप्पा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे अशा मुलांची नीट तपासणी आणि उपचार जिथे होतात ते जिल्ह्याचं केंद्र. ‘ऐकत नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्या. वाहणारा कान हे साधं कारण अनेकदा सुटून जातं.

आणि हसतं-खेळतं मूल अचानक मिटलं, कपडे बदलताना घाबरू लागलं, पुन्हा चड्डीत शू करू लागलं, तर ते वागणं सुधारायच्या मागे लागू नका. जवळ बसा, खोदून विचारू नका, ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहा. मुलाला धोका आहे असं वाटलं तर त्याच दिवशी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत.